खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी नर्स ठेवायची की मावशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ७४ वर्षांच्या. पहाटे बाथरूमला जाताना पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, बायपोलर (मोडलेल्या गोळ्याच्या जागी कृत्रिम गोळा) बसवून झालं. मधुमेह जुना, इन्सुलिन चालू. परवा डिस्चार्ज. घर सदाशिव पेठेत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. घरात ७९ वर्षांचे वडील, आणि तुम्ही दोघं नवराबायको हिंजवडीला नोकरीला. नर्स पुरवणारे ब्यूरोवाले चोवीस तासांची नर्स घ्या म्हणतात, बहीण म्हणते मावशी, म्हणजे रुग्ण सांभाळणारी बाई, पुरेल, शेजारचे काका म्हणतात महिनाभर एखाद्या पुनर्वसन सेंटरलाच ठेवा.

मी ऑर्थोपेडिक वॉर्डात स्टाफ नर्स होते आणि आता बरीच वर्षं पुण्यातच घरोघरी जाऊन नर्सिंगची कामं करते. खुब्याचे रुग्ण माझ्याकडे कायम असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नर्स की मावशी हे ठरवण्याआधी एक कागद घ्या आणि आईंच्या चोवीस तासांत कोणकोणती कामं येणार ती लिहून काढा. ब्यूरो तुम्हाला तास देतो, बारा किंवा चोवीस. आईंची गरज कामांची आहे. तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत शिकलेल्या हातांनीच व्हावीत अशी नर्सिंगची कामं दिवसाकाठी तासाभराच्या आत होतात. उरलेला वेळ लागतो तो आधार देणारा, स्वच्छता राखणारा, लक्ष ठेवणारा माणूस. या दोन गोष्टी वेगळ्या केल्यात की तुमच्या घरातला वाद बराचसा मिटेल.

आता ती कामं एकेक करून पाहू.

जखम. टाके किंवा स्टेपल साधारण १२ ते १४ दिवसांनी काढतात. मधुमेह असेल तर सर्जन कधी थोडं थांबतात. जखम कोरडी असेल तर रोज उघडून बघायची गरज नसते, उलट सारखी उघडली की जंतू जायला वाट मिळते. सर्जन सांगतील त्या दिवशी नर्सने येऊन ड्रेसिंग करायचं आणि मधल्या दिवसांत पट्टी वरून ओली दिसते का, आजूबाजूला लाली किंवा गरमपणा वाढतोय का, एवढं घरच्यांनी बघायचं.

इन्सुलिन. याकडे तुम्ही सगळ्यात जास्त लक्ष द्यावं असं मला वाटतं. हॉस्पिटलमधला डोस ऑपरेशनच्या ताणाने वाढलेल्या साखरेवर आणि तिथल्या वेळेवर येणाऱ्या जेवणावर ठरलेला असतो. घरी आल्यावर ताण उतरतो, भूक मात्र बरेच दिवस मंद राहते, आणि डोस तोच चालू राहतो. मग साखर खाली जाते. म्हणून डिस्चार्जच्या वेळी फिजिशियनना दोन प्रश्न विचारा: आईंनी अर्धंच जेवण केलं तर डोस किती द्यायचा, आणि साखर कितीच्या खाली असेल तर इन्सुलिन द्यायचंच नाही? उत्तर लिहून घ्या. जेवणाआधीचं इन्सुलिन ताट समोर आल्याशिवाय टोचू नका. साखर ७० च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, असंबद्ध बोलणं सुरू झालं आणि त्या शुद्धीवर असतील, तर चहाचे तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ १०८.

हे ऐकून नर्सच हवी असं वाटेल. पण ग्लुकोमीटर आणि इन्सुलिनचं पेन घरातली कुणीही व्यक्ती चार-पाच दिवसांत नीट शिकते. पहिल्या आठवड्यात नर्सने रोज यावं ते तेवढ्यासाठी. तिने करून दाखवायचं, मग तुमच्या हातून करून घ्यायचं, मग नुसतं बघायचं. जी नर्स शिकवायला तयार नसते तिला मी घरच्या कामासाठी चांगली नर्स म्हणत नाही.

रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून काहींना पोटात इंजेक्शन देतात, काहींना गोळी. ऑपरेशननंतर हे ३५ दिवसांपर्यंत चालू शकतं. डिस्चार्ज कार्डावर बंद करायची तारीख आहे का ते पाहा, नसेल तर विचारून घाला. तारीख नसली की एकतर औषध पहिली पट्टी संपताच बंद पडतं, नाहीतर चालूच राहतं.

लघवीची नळी असेल तर घरी निघण्याआधी काढता येईल का हे आवर्जून विचारा. गरज नसलेली नळी म्हणजे जंतुसंसर्गाला निमंत्रण, आणि नळी असली की रुग्ण उठायचं टाळतो.

राहिलं चालणं. तुमचे सर्वांत जास्त पैसे आणि लक्ष इथे जायला हवं. बायपोलरनंतर बहुतेकदा वॉकर घेऊन लवकर उभं करतात, पण पायावर किती भार द्यायचा हे सर्जन ठरवतात आणि ते लेखी हवं. "थोडं थोडं चालवा" एवढ्यावर घरी येऊ नका. फिजिओथेरपिस्ट पहिले दोन-तीन आठवडे रोज यायला हवा. पलंगावर पाय हलवण्याचे व्यायाम, मग पलंगाच्या कडेला बसणं, मग उभं राहणं, खोलीतल्या खोलीत चालणं, कमोडपर्यंत जाणं, हे सगळं तो पायरीपायरीने वाढवतो. तो गेल्यावर दिवसभरात तेच दोन-तीनदा कुणी करून घेणार आहे का, यावर सगळा फरक पडतो. ते काम मावशीचं आणि तुमचं. त्यामुळे फिजिओ येईल तेव्हा मावशी खोलीतच हवी, तो कुठे धरतो, काय बोलतो हे तिने बघायला हवं.

आणि इथेच माझा चोवीस तासांच्या नर्सला, खरं तर चोवीस तास सगळं हातात देणाऱ्या कुठल्याही सेवेला, विरोध आहे. आई उठू म्हणाल्या की "आजी, तुम्ही पडून राहा, मी आणते" असं प्रेमाने म्हणणारं माणूस दिवसभर घरात असलं तर महिन्याभरात मांड्यांची ताकद जाते. सगळ्यात वाईट म्हणजे दिवसा लावलेला डायपर. रात्री पहिले काही दिवस लावा, हरकत नाही. पण दिवसा, लघवीवर ताबा असलेल्या बाईला, केवळ उठवायला नको म्हणून डायपर लावू नका. कमोडच्या खुर्चीपर्यंतची प्रत्येक फेरी हा व्यायाम आहे, आणि तिच्यात माणसाचा मानही राहतो. माझ्या अनुभवात ज्या घरांनी हे पाळलं तिथले रुग्ण लवकर स्वतःच्या पायावर आले. बाकीच्यांमध्ये पाठीवर आणि टाचांना जखमा होण्याचं प्रमाण मी जास्त पाहिलंय. आई आडव्या असतील तेव्हा दर दोन तासांनी कूस बदलणं, पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी ठेवणं आणि दिवसातून एकदा कमरेखालची त्वचा उजेडात बघणं हे मावशीला पहिल्याच दिवशी सांगा. दाबल्यावरही न जाणारी लाली दिसली तर त्याच दिवशी नर्सला कळवा. कुशीवर वळवताना दोन्ही पायांच्या मध्ये उशी हवीच.

मग चोवीस तासांची नर्स कुणाला लागते? गळ्याला ट्रॅकिऑस्टोमी (श्वासासाठी पाडलेलं छिद्र) असून वारंवार सक्शन करावं, म्हणजे कफ ओढून काढावा लागतो, बायपॅप हे श्वासाला मदत करणारं मशीन चालू आहे, शिरेतून दिवसात तीन-चारदा अँटिबायोटिक द्यायचं आहे, नाकातून नळीने खाणं आहे आणि रुग्ण ती ओढतो, अशांना. तुमच्या लिहिण्यात यातलं काही नाही. पण तुम्ही न लिहिलेलंही काही असू शकतं. हृदयाचं पंपिंग कमी असेल, किडनीचा त्रास असेल, सर्जननी भार द्यायला पूर्ण मनाई केली असेल, तर माझं गणित बदलेल.

आणखी एक गोष्ट गणित बदलते: रात्रीचा गोंधळ. या वयात ऑपरेशननंतर पुष्कळ रुग्ण रात्री असंबद्ध बोलतात, घरातल्यांना ओळखत नाहीत, उठून जायला बघतात. घरचे घाबरतात, "डोक्यावर परिणाम झाला" म्हणतात. बहुतेक वेळा हे काही दिवसांत ओसरतं, पण त्यामागे कारण असतं: लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, न सांगितलेली वेदना, सोडियम कमी होणं, साखर खाली जाणं. म्हणून डॉक्टरांना कळवा, घरातली जुनी झोपेची गोळी देऊ नका. चष्मा, श्रवणयंत्र, कवळी जागेवर ठेवा, मंद दिवा लावा, समोर घड्याळ हवं, आणि ओळखीचं माणूस खोलीत झोपलेलं हवं. हॉस्पिटलात असा गोंधळ झाला होता का ते आठवा. झाला असेल तर पहिला आठवडाभर रात्री जागं राहणारं वेगळं माणूस ठेवा.

जागं राहणारं असं मुद्दाम म्हटलं. चोवीस तासांची मावशी ठेवलीत तरी ती रात्रभर जागू शकत नाही, तिलाही झोप लागतेच. दिवसभर उचल-ठेव केलेल्या बाईकडून रात्री दोन वाजता सावधपणाची अपेक्षा करणं तिच्यावर अन्याय आणि आईंना धोका. तिची झोपायची जागा, दोन वेळचं जेवण, आठवड्याची सुट्टी आणि त्या दिवशी बदली कोण, हे ब्यूरोशी आधी बोलून घ्या. आणि तिला घरातली धुणीभांडी सांगू नका. ती सिंकपाशी असेल तेव्हाच आई एकट्या उठायला जातील.

आता माणसं कशी पारखायची. पांढरा कोट घालून आलेली प्रत्येक मुलगी नर्स नसते. नर्सिंगमध्ये एएनएमचा कोर्स दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा, बीएससी नर्सिंग चार वर्षांचं, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असते. नोंदणीचं प्रमाणपत्र बघायला मागा. माझ्याकडे कुणी मागितलं तर मला बरंच वाटतं, त्या घरात काळजी आहे हे कळतं. जीडीए म्हणजे जनरल ड्यूटी असिस्टंट. त्यांचं प्रशिक्षण काही महिन्यांचं, रुग्णाला स्वच्छ ठेवणं, उचलणं, खाऊ घालणं यासाठीचं. ते काम त्या उत्तम करतात, पण ब्यूरो त्यांनाच नर्सच्या दराने पाठवत असेल तर तुम्ही नको त्या गोष्टीचे पैसे देताय आणि तिच्यावर न शिकलेल्या कामाची जबाबदारी टाकताय. फिजिओथेरपिस्टलाही पदवी आणि राज्याच्या कौन्सिलची नोंदणी विचारा. मालिश करणाऱ्याला या सांध्याला हात लावू देऊ नका.

तुमच्या जागी मी असते तर असं ठरवलं असतं. पहिला आठवडा: सकाळी नर्सची रोज एक भेट, पाऊण तासाची, फिजिओ रोज, दिवसा बारा तास मावशी, रात्री तुमच्यापैकी एकजण आईंच्याच खोलीत. पहिले तीन-चार दिवस दोघांपैकी कुणीतरी रजा किंवा घरून काम घ्याच, कारण हिंजवडीहून पेठेत संध्याकाळी किती वेळात पोचाल हे कुणी सांगू शकत नाही. दुसरा आठवडा: टाके निघेपर्यंत नर्स दिवसाआड. तिसऱ्या आठवड्यापासून नर्स फक्त गरज पडली तर, फिजिओ त्याच्या अंदाजाने कमी, मावशी तशीच. सहा आठवड्यांनी सर्जनकडे दाखवल्यावर मावशीचे तास कमी करायचे की नाही ते ठरवा. या सगळ्याचा खर्च चोवीस तासांच्या खऱ्या नोंदणीकृत नर्सपेक्षा बहुधा कमीच येईल.

शेजारच्या काकांचं म्हणणंही मी उडवून लावणार नाही. दोघांनाही रजा मिळत नसेल आणि दिवसभर वडील व एक अनोळखी मावशी एवढेच घरात असतील, तर पहिले दोन आठवडे फिजिओथेरपी खरोखर होते अशा पुनर्वसन केंद्रात ठेवणं शहाणपणाचं आहे. आधी जाऊन बघा. दुपारी चारच्या सुमाराला जा आणि किती रुग्ण खुर्चीत बसलेत, किती पडून आहेत ते पाहा.

घर. दुसरा मजला आणि लिफ्ट नाही, म्हणजे ॲम्ब्युलन्स ठरवताना हे सांगून दोन माणसं आणि खुर्ची मागवा. पेठेतल्या बऱ्याच जुन्या जिन्यांच्या वळणावर स्ट्रेचर वळतच नाही. एकदा वर आल्यावर टाके काढण्यासाठी पुन्हा उतरवणं टाळता येतं का ते सर्जनना विचारा. बरेचजण नर्सने घरी काढायला आणि फोटो पाठवायला परवानगी देतात. रक्ताचे नमुने घरून घेतले जातातच. पुढे फिजिओ जिना शिकवेल तेव्हा क्रम असा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

सांधा मागच्या बाजूने उघडून बसवला असेल तर काही आठवडे तीन गोष्टी वर्ज्य असतात: खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवणं, पायावर पाय टाकणं, पाय आत वळवणं. नाहीतर सांधा निखळू शकतो. किती आठवडे ते सर्जन सांगतील. याचा घरातला अर्थ असा की बुटका दिवाण नको, बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील इतकी उंच खुर्ची हवी, हात असलेली. कमोडवर उंची वाढवणारी सीट. भारतीय पद्धतीचा संडास बंद. आणि पाट बंद. हे मी मुद्दाम लिहिते, कारण जरा बरं वाटलं की देवासमोर पाटावर बसायची किंवा वाकून दिवा लावायची इच्छा होते, आणि ते कुणाला विचारून होत नाही. देव्हारा आत्ताच उंच टेबलावर ठेवा. पायपुसणी, सतरंज्या काढून टाका. वॉकरची रुंदी आणि बाथरूमच्या दाराची रुंदी आजच मोजा; जुन्या घरांत वॉकर दारातच अडतो आणि उंबरा वेगळाच. वॉकर, कमोडची खुर्ची, वरखाली होणारा पलंग विकत घेऊ नका, पुण्यात भाड्याने मिळतं आणि अनेक सेवाभावी संस्था अनामत ठेवून नाममात्र पैशांत देतात.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, झाकण लावून वेगळ्या द्या. डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंना त्यावरून आत काय आहे ते कळतं.

विम्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. बहुतेक पॉलिसींमध्ये डिस्चार्जनंतरचा ६० किंवा ९० दिवसांचा वैद्यकीय खर्च मिळतो: औषधं, तपासण्या, डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी. मावशीचे आणि खासगी नर्सचे पैसे सहसा मिळत नाहीत. पॉलिसी वाचा आणि फिजिओची लेखी शिफारस व पावत्या जपा.

एक वही करा. साखर, इन्सुलिनचा डोस, ताप, बीपी, किती खाल्लं, शौचाला झालं का, किती वेळा उभ्या राहिल्या. मावशी, नर्स, फिजिओ, तुम्ही, सगळ्यांनी त्यातच लिहायचं. संध्याकाळी घरी आल्यावर वही वाचलीत की दिवस कसा गेला हे कुणाला खोदून विचारावं लागत नाही.

काय झालं तर कुणाला फोन? एका पोटरीला सूज आणि दुखणं, ताप, जखमेतून पाणी किंवा पू, तर त्याच दिवशी सर्जनना. अचानक धाप लागणं, छातीत दुखणं, शुद्ध कमी होणं, तर १०८. ही सेवा मोफत आहे आणि महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे. ऑपरेशनचा पाय एकाएकी आखूड किंवा वळलेला दिसला आणि हलवता येईना, तर चालवू नका, आहे तसं झोपवून सर्जनना कळवा.

डिस्चार्जच्या आधी उरलेल्या या दोन दिवसांत एक गोष्ट नक्की करा. ठरवलेली मावशी आणि घरात जी व्यक्ती इन्सुलिन देणार ती, दोघींना एक दिवस वॉर्डात नेऊन बसवा. आईंना पलंगावरून खुर्चीत कसं घेतात हे तिथल्या सिस्टरांकडून बघून, त्यांच्या देखरेखीत एकदा स्वतः करू द्या. विनंती केली तर सिस्टर सहसा नाही म्हणत नाहीत.

शिवाय डॉक्टरांना विचारा की आई पडल्या कशामुळे. पहाटे साखर खाली गेली होती, उठताना बीपी उतरलं, मोतीबिंदू आहे, की फरशी ओली होती? कारण तसंच राहिलं तर दुसरा खुबाही धोक्यात असतो. आणि साध्या पडण्याने या वयात खुबा मोडला म्हणजे बहुधा हाडं ठिसूळ झालेली असतात. त्यावरची औषधं वेगळी सुरू करावी लागतात आणि ऑपरेशनच्या धामधुमीत ती हमखास राहून जातात. जेवणात डाळ, दूध, ताक, खात असतील तर अंडी वाढवा. नुसत्या मऊ भातावर स्नायू भरत नाहीत.

वडिलांना आईंना उचलू देऊ नका, एकदाही नाही. त्यांना वही, औषधांच्या वेळा आणि आईंशी गप्पा ही कामं द्या, ती त्यांनी मनापासून केलेली मी अनेक घरांत पाहिली आहेत.

डिस्चार्ज कार्ड हातात आलं की भार किती द्यायचा, सांधा कुठल्या बाजूने बसवला आणि इन्सुलिन कोणतं, या तीन गोष्टी इथे लिहा. त्यावरून पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक अजून नेमकं करून देता येईल.